अंगात ताप नव्हता

लीड्स,
१८ जानेवारी २०२५

ती. आईस,
सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस, मी बरा आहे. फोनवरच सांगितलं असतं, पण तुझा फोन कायम स्पीकरवर आणि शेजारी आत्या बसलेली. हे आधी तुझ्याशीच बोलायचं होतं. ऑफिसातले एकजण पुण्याला निघालेत, ते तिथून कुरिअर करतील.

दिवाळीत व्हिडिओवर तू विचारलंस, "घरात हीटर आहे म्हणतोस, मग कानटोपी कशाला?" आणि पुढच्याच आठवड्यात मी बनियनवर बसलेला, मागं खिडकी सताड उघडी, तेव्हा ओरडलीस. दोन्ही वेळा मी हसण्यावारी नेलं. खरं सांगायचं तर ऑक्टोबरपासून माझं अंग मला कळेनासं झालं होतं. ऑफिसात सगळे शर्टावर आणि मी जाकीट घालून कुडकुडतोय. बोटं इतकी गार की कीबोर्डवर नीट चालत नव्हती, आणि त्याच वेळी कानशिलं तापलेली. रात्री तीनला जाग यायची ती घामानं भिजून. रजई फेकायची, खिडकी उघडायची (बाहेर चार डिग्री), की पाच मिनिटांत दातावर दात. थर्मामीटर लावला की ३६.६, म्हणजे आपल्या हिशेबानं ९८ सुद्धा नाही. कणकण आहे, ताप नाही. भूक गेली, जबडा दुखायला लागला, पोटाचं तर विचारूच नकोस.

मी आपला रोग शोधत बसलो. ऑगस्टमध्ये घरी येऊन गेलो होतो म्हणून आधी मलेरिया. मग थायरॉइड. रात्रीचा घाम म्हटल्यावर टीबी. शेवटी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी रक्त तपासलं: थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर, बी-१२. सगळं ठीक. ड जीवनसत्त्व तेवढं कमी. इथं डिसेंबरात पावणेचारलाच सूर्य मावळतो, ते कमी निघालं नसतं तरच नवल.

मग त्यांनी दोन कागद पुढं केले. एकावर नऊ प्रश्न, दुसऱ्यावर सात. गेल्या दोन आठवड्यांत झोप कशी होती, कशात मन लागतं का, जिवाला सारखी हुरहुर असते का, असले. मी म्हटलं, मला दुःख वगैरे काही नाही हो, फक्त थंडी वाजते. त्या म्हणाल्या, भरा तरी. पहिल्यात २७ पैकी १६, दुसऱ्यात २१ पैकी १४. नैराश्य आणि चिंता, दोन्ही, आणि अगदीच किरकोळ नव्हेत.

मला आधी रागच आला. म्हणजे हे सगळं मी मनानं रचतोय की काय? त्या डॉक्टरबाईंनी शांतपणे समजावलं. मेंदूत बदामाएवढा एक भाग असतो, हायपोथॅलॅमस. अंगाचं तापमान तोच सांभाळतो आणि भीतीच्या वेळी अंगाला कामाला लावण्यातही त्याचाच हात. धोका दिसला की कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्त मोठ्या स्नायूंकडे वळतं, म्हणून हातपाय गार. त्याच वेळी घामाच्या ग्रंथीही सुरू होतात, म्हणून गार घाम. समोर वाघ असेल तर हे बरोबरच आहे. माझ्यापुढं वाघ नव्हता, पण अंग तीन महिने वाघ आल्यासारखं वागत होतं. रात्री निरोगी माणसाचं अंग थोडं थंड होतं, तेव्हा गाढ झोप लागते. नैराश्यात हे उतरणंच बऱ्याचदा कमी होतं. घरी येऊन मी आणखी वाचलं. २०२४ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या संशोधकांनी १०६ देशांतल्या वीस हजारांवर लोकांचा अभ्यास छापला. ज्यांचं नैराश्य जास्त, त्यांचं तापमान किंचित जास्त. कशामुळे काय होतं हे त्यातून ठरत नाही, पण "मनाचे खेळ" म्हणून सोडून देण्यासारखं ते नाही एवढं मला कळलं.

आपल्याकडे हातपाय गार पडले, घाम फुटला, पोटात गोळा आला, हे आपण भीतीबद्दलच बोलतो की. आणि कुणी खरंच तसं सांगायला लागलं की म्हणतो, काही नाही, उष्णता झालीय.

तर आता आत्या.

मामा गेल्यावर ती आपल्याकडे आली तेव्हा मी आठवीत होतो. तेव्हापासून तिच्या "अंगाची लाही" होते. रात्री स्वयंपाकघरातल्या फरशीवर उशी घेऊन झोपते, डोक्यावर ओला पंचा. आणि भर मेमध्ये घोंगडी पांघरून बसलेलीही आपण तिला पाहिलीय. सब्जा झाला, गुलकंद झाला, वाळ्याचं पाणी झालं. काशाची वाटी तर मीच कितीदा तिच्या तळपायांना तूप लावून घासलीय, तळपाय काळे झाले की "बघ किती उष्णता निघाली" म्हणायची. नंतर आम्ही पोरं तिची नक्कल करायचो. तूही हसायचीस आई, रागावू नकोस. घरात एकच वाक्य होतं, तिचं चालायचंच.

नोव्हेंबरात रात्री तीनला मी इथल्या स्वयंपाकघरात गार लाद्यांवर उताणा पडलो होतो, तेव्हा ती आठवली. तिचं माझ्यासारखंच आहे असं मी म्हणत नाही, इतक्या लांबून मला काय कळणार. पायांची आग साखरेमुळे होते, बी-१२ कमी असलं तरी होते, आणि ती माळकरी, दूधही घेत नाही. थायरॉइड असेल, पाळी जाण्याच्या वयातलं काही राहिलं असेल. म्हणून आधी फॅमिली डॉक्टरांकडून हे सगळं तपासून घे. त्यांना नुसतं "उष्णता" सांगू नको. झोप किती, जेवण किती, कीर्तनाला जायचं कधी बंद केलं, हेही सांग. रिपोर्ट चांगले आले तर "काही नाही झालेलं" म्हणून घरी आणू नकोस, तिथूनच मानसोपचाराच्या डॉक्टरांची चिठ्ठी माग. ती नाही म्हणाली तर १४४१६ वर फोन लाव, सरकारचा टेलिमानस नंबर आहे, पैसे पडत नाहीत, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलतात. "वेडाचा डॉक्टर" हा शब्द घरात कुणी काढायचा नाही, दादांनी तर नाहीच.

माझं म्हणशील तर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून गोळी चालू आहे. पहिले दोन आठवडे अस्वस्थपणा उलट वाढला. त्या गोळीनं घामही येतो, हा वर आणि विनोद. पाचव्या आठवड्यात एकदा सकाळी जाग आली ती उजाडल्यावर, सलग सहा तास झोपून. अंथरुणातच बसून राहिलो. गोळी मनानं बंद करायची नसते, त्यामुळे "आता बरं वाटतंय ना" म्हणून तूही सुचवू नकोस. शिवाय आठवड्याला एका बाईंशी फोनवर बोलतो. त्या उपदेश करत नाहीत. थंडी वाजायच्या आधी काय चाललं होतं ते वहीत लिहायला लावतात. रविवारी संध्याकाळी, तुमचा फोन ठेवल्यावर, सगळ्यात जास्त वेळा लिहिलंय. ते का, ते अजून मलाही नीट सांगता येत नाही. पण रविवारचा फोन बंद करायचा नाही, एवढं नक्की.

दादांना वाचायला दे. आत्याला मी स्वतः सांगेन, माझं आधी, मग तिचं विचारेन. तोवर तपासण्यांचं तेवढं बघ.

तुझा,
मन्या

ता. क. त्या दिवशी खिडकी उघडी होती, पण सर्दी झाली नाही.