सूचना : दिवाळीची लाकडी तोरणं, रविवारी येताना

सर्व सभासदांना नमस्कार.

येत्या रविवारी सकाळी १० वाजता गच्चीवर लाकडी चकत्यांची तोरणं करायला बसू. लाकूड ज्याचं त्यानं आणायचं आहे. कडुनिंब किंवा बाभळीची मनगटाएवढी जाड, वाळलेली फांदी उत्तम.

ओलं लाकूड कृपया आणू नका. चकती वाळताना गाभ्याच्या दिशेपेक्षा वलयांच्या दिशेनं जास्त आकसते, म्हणून सालीपासून गाभ्यापर्यंत चीर जाते. मग केलेलं रंगकाम वाया. फांदी ठोकून पाहा, खणखणीत वाजली तर वाळली समजा. घरी चकत्या आधीच कापल्या असतील तर सावलीतच ठेवा. आपल्या सोलापूरच्या उन्हात त्या हमखास तडकतात.

उभ्या झाडाची फांदी कुणीही तोडू नये. शहरात १९७५च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार परवानगी लागते, आणि पडलेल्या फांद्या हव्या तेवढ्या मिळतात.

साल काढू नका, खरी शोभा तिचीच. ८० नंबरचा पॉलिशपेपर आधी, १५०चा नंतर. ओवायला सुतळीपेक्षा चादरीच्या मागावरचं उरलेलं रंगीत सूत फार छान दिसतं, कुणाकडे असल्यास नक्की आणा.

शेवटी जवसाच्या तेलाचा हात देऊ. त्या तेलाच्या चिंध्या बोळा करून टाकल्या तर आपोआप पेटू शकतात, म्हणून त्या सुट्या पसरूनच वाळवायच्या. तयार तोरण पणतीपासून लांब टांगा.

करवत आणि ड्रिल इथे आहे. मुलांसोबत कुणीतरी मोठं हवंच. नावं शुक्रवारपर्यंत कळवा.