मनूच्या खेळण्यांचं एकदाच काय ते सांगतो

मंद्या,

तुझा सात मिनिटांचा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. पहिल्यांदा बोरिवली लोकलमध्ये, त्यातला अर्धा "पुढील स्टेशन" वाल्या बाईने खाल्ला, मग घरी येऊन परत. तुझं म्हणणं एवढंच की मनू पुढच्या महिन्यात तीनची होतेय, हातातला मोबाइल सुटत नाही, तर मी क्रॉफर्ड मार्केटला जाऊन बोटांना वळण लावणारं काहीतरी भारी खेळणं पाठवावं, पैशाचं टेन्शन घेऊ नको. पैशाचं टेन्शन मी कधी घेतलंय रे तुझ्या. पण फोनवर सांगायला गेलो तर तू मधेमधे जोक मारणार, म्हणून लिहितोय.

तुला हे कधी सांगितलं नव्हतं, लाज वाटत होती. गेल्या वर्षी ईशान ज्युनियर केजीत असताना टीचरने बोलावून घेतलं. पेन्सिल मुठीत धरतो, दोन ओळी गिरवल्या की हात दुखतो म्हणून रडतो, डब्याचं झाकण उघडत नाही म्हणून उपाशी येतो. मी येडा इकडे सगळ्यांना सांगत फिरत होतो की आमचा पोरगा टॅबवर अ आ इ ई सगळं गिरवतो, स्टार मिळतात त्याला! काचेवरून एक बोट फिरवायला ना जोर लागतो ना अंगठा लागतो, हे डोक्यातच आलं नाही. डब्ल्यूएचओने २०१९ मध्येच सांगितलंय की दोन वर्षांच्या आत स्क्रीन नकोच आणि दोन ते चार वर्षांच्या पोरांना दिवसाला एक तासाच्या वर नको, तेही मी वाचलं होतं, पण मला वाटायचं ते कार्टूनबद्दल आहे, अभ्यासाच्या अ‍ॅपला काय होतंय.

मग दादरला एका ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे गेलो, म्हणजे पोरांना हाताची रोजची कामं जमवून देणाऱ्या बाईकडे. मला वाटलं ही बाई आता पेन्सिल कशी धरायची ते शिकवणार. तिने पेन्सिल काढलीच नाही. ईशानच्या मुठीत रुपयाची पाच नाणी दिली आणि बोलली, एकेक करून गल्ल्यात टाक, दुसरा हात लावायचा नाही. तू आत्ता करून बघ, खरंच कर. तळव्यातलं नाणं अंगठ्याने सरकवत बोटांच्या टोकाशी आणायचं आणि बाकीची करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाने दाबून ठेवायची. आपले बेस्टचे जुने कंडक्टर आठव, बस ब्रेक मारतेय, एका हाताने टिकटिक चाललीय आणि दुसऱ्या मुठीतल्या चिल्लरमधून बरोबर पाहिजे तेवढीच नाणी बाहेर येतायत. ते कौशल्य आहे बाबा. ईशानची पाचही नाणी जमिनीवर. तिचं म्हणणं, करंगळीकडची दोन बोटं धरून ठेवणार आणि अंगठ्याकडची तीन काम करणार, ही वाटणी झाल्याशिवाय पेन्सिल नीट धरताच येत नाही, आणि ती वाटणी लिहून लिहून होत नाही, खेळून होते. वर हेही सांगितलं की जन्मलेल्या बाळाच्या मनगटाचा एक्सरे काढला तर त्यातली आठ छोटी हाडं दिसतच नाहीत, सगळी कूर्चाच असते, ती हळूहळू हाडं होत जातात आणि शेवटचं दिसायला पोरगं आठच्या पुढे जावं लागतं. म्हणजे आपण तिसऱ्या वर्षी पेन्सिल हातात कोंबतो ती कुठल्या हातात कोंबतो बघ.

त्या रात्री मी आणि प्राजूने हिशोब लावला की हा दिवसभरात हाताने करतो तरी काय. बूट वेल्क्रोचे. पँट इलॅस्टिकची. शर्टाची बटणं मी लावतो कारण व्हॅन ७:२० ला येते आणि त्याला लावू दिली तर व्हॅनवाला हॉर्न मारून अख्खी सोसायटी उठवतो. केळं सोललेलं, मोसंबीच्या बिया काढलेल्या, जेवण आई भरवते कारण सांडलं तर पुसायचं कोणी. पोराच्या हाताला घरात कामच ठेवलं नाही आपण, आणि मग अठराशे रुपये देऊन कड्या, चेन, बटणं लावलेला बिझी बोर्ड आणतो. आणला ना मी! पहिले आठ दिवस जोरात, सगळ्या कड्या उघडून झाल्यावर त्यात परत उघडण्यासारखं काही राहिलं नाही, आता बाल्कनीत कुंडीच्या खाली आहे.

रीलवर बघून परातीत तांदूळ आणि राजमा कालवून चमच्याने वेगळं करायचा खेळही केला. वन बीएचकेत करू नको, सोफ्याखालून अजून राजमा निघतोय.

चाललं काय ते सांगतो. कपड्यांचे चिमटे, आधी डब्याच्या काठाला लावायचे, मग दोरीवर. कणकेचा गोळा, पण थोडा घट्ट मळलेला, सैल असला तर नुसता चिकटतो आणि हाताला झगडायला काही मिळत नाही. मटार. मटार तर असला हिट झाला की सीझनभर आईने एक शेंग सोलली नाही, अर्धे पोटात गेले ते सोड. आणि रांगोळी! आईची आयडिया नव्हती हां, आई तर "वाया घालवतोय" म्हणून ओरडत होती, दिवाळीत हा तिच्या शेजारी जाऊन बसला आणि चिमटीतून रेघ सोडायला लागला. नीट बघ, रांगोळी धरताना अंगठा आणि पहिलं बोट जसं येतं, त्याला मधल्या बोटाचा टेकू दिला की झाली पेन्सिलची पकड. पहिले चार दिवस रेघ नव्हतीच, नुसते ढीग.

खडू आणशील तर नवे लांब देऊ नको, तुकडे करून दे. पेरभर तुकडा मुठीत धरताच येत नाही, आपोआप टोकाने धरावा लागतो, हे थेरपिस्टने सांगितलेलं सगळ्यात फुकट आणि सगळ्यात कामाचं. आणि कागद टेबलावर नाही, कपाटाच्या दाराला चिकटव, तिच्या डोळ्यांच्या उंचीवर, उभ्याने चितारताना मनगट बरोबर मागे वळतं आणि खांद्यालाही काम होतं. खांदा डगमगत असेल तर बोटं काय करणार बिचारी, म्हणून बागेत लोंबकळू दे तिला, "पडशील पडशील" करू नको.

विकतच्यात लाकडी मणी आणि नाडी, साधे लाकडी ठोकळे, आणि मोठे लाकडी नट-बोल्ट. ठोकळ्यांचं काय आहे, दोन वर्षांच्या पोराचा साधारण सहाचा मनोरा होतो, तीन वर्षांच्याचा नऊ-दहाचा, पण मनूचा पाचवर पडला तर लगेच मला फोन करू नको, साधारण म्हटलंय. खेळणं घेताना मी एकच बघतो आता, चूक झाली तर ते स्वतः सांगतं का. बालशिक्षणाची पद्धत काढणाऱ्या माँटेसरीबाईंचे ते लाकडी दट्ट्यांचे ठोकळे असतात ना, दहा खाचा, दहा दट्टे, वर इवलीशी मूठ, जी तीन बोटांनीच धरता येते. एक दट्टा चुकीच्या खाचेत गेला की शेवटी एक उरतोच, मग पोरगं स्वतःच मागे जाऊन शोधतं. टाळ्या नाहीत, म्युझिक नाही, "व्हेरी गुड" नाही. अस्सल सेट महाग असतो, त्यासाठी जीव टाकू नको, डबे आणि त्यांची झाकणं घेऊन बस, तोच खेळ आहे. माँटेसरीबाई १९३९ मध्ये भारतात आल्या आणि महायुद्धामुळे १९४६ पर्यंत इथेच राहिल्या, आणि आपल्या ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षण सुरू केलं तेव्हा त्या महागड्या साधनांच्या जागी शंख-शिंपले, बिया, पानं वापरली. आम्ही चिकू खायला घोलवडला उतरतो तिथून बोर्डी हाकेवर, ईशानने तिथल्या किनाऱ्यावरून पिशवीभर शिंपले आणलेत, रोज लहान-मोठे लावत बसतो आणि घरभर वाळू.

आता सिरीयस. मनू तीनची व्हायचीय, त्यामुळे ३१.७ मिलिमीटर रुंदीच्या नळीत जे अख्खं मावतं ते तिच्या हातात एकटीला नको, टेस्टिंगचं मापच ते आहे, घशात अडकण्याचं. म्हणजे मणी बोराएवढे नाही, मोठ्या लिंबाएवढे, आणि नाडी हातभरच, गळ्यात अडकेल एवढी नको. राजमा, शेंगदाणे, मटार, खडूचे तुकडे वगैरे तू शेजारी बसलेला असतानाच. चमचमणारे छोटे मॅग्नेटचे गोळे कोणी गिफ्ट दिले तर सरळ फेकून दे, दोन गिळले तर आतड्यात एकमेकांना चिकटून भोक पाडतात. घड्याळातला चपटा बटण सेल तसाच, गिळला तर तासाभरातसुद्धा अन्ननलिका जाळायला लागतो, मागचं झाकण स्क्रूचं नसेल तर ते खेळणं घरात नको. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा आहे, तरी क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रेहमान स्ट्रीटवर मार्क नसलेला माल मला दिसलाच, म्हणून मी उलटंपालटं करून बघूनच घेतलं, दुकानदार वैतागला.

तर गेल्या शनिवारी जाऊन आलो. बॅटरीवर गोल फिरणारे मासे पकडायचा खेळ तुला आवडला असता, मुद्दाम नाही घेतला, खेळणं स्वतःच नाचतं आणि पोरगं बघत बसतं. ठोकळे आणि नट-बोल्ट तिथलेच. मणी भुलेश्वरला एका गल्लीत मिळाले, रंग तोंडात घालायला चालणारा आहे असं तिथे सांगितलं, पण मी ओल्या रुमालाने घासून बघितला, लाल सुटला, म्हणून बिनरंगाचे घेतले. सावंतवाडीचं पोळपाट-लाटणं प्राजूच्या मावशीने आणलेलं, आमच्याकडे दोन झाले होते, एक तुला. त्यावर मार्क शोधत बसू नको, नोंदणी असलेल्या कारागिरांच्या हस्तकलेला त्यातून सूट आहे. मनू लाटेल ती पोळी कोल्हापूरच्या नकाशासारखी होईल, खाऊन टाक गपचूप.

आणि वहिनीला सांग सकाळी दहा मिनिटं लवकर उठवा. वहिनीला कशाला, तूच उठ ना. बटणं तिची तिला लावू दे. आम्ही व्हॅनवाल्याशी बोलून ७:३० केलंय, वीस दिवस भांडलो त्यासाठी. ईशान आता चार बटणं लावतो, पाचवं कॉलरचं मी लावतो, ते मला पण धड लागत नाही. पेन्सिल अजून वाकडीच धरतो, पण रडत नाही, आणि डबा रिकामा येतो.

पार्सल उद्या कुरिअर करतोय, गुरुवारपर्यंत पोचेल. कात्री घेऊन धावत येऊ नको, चिकटपट्टीचा एक कोपरा मी दुमडून ठेवलाय, मनूला सापडतो का बघ. अर्धा तास गेला तरी हात लावायचा नाही.

तुझा,
बाळ्या