ऑर्लँडोच्या फलाटावरून

ऑर्लँडो, फ्लोरिडा
रविवार, 2 नोव्हेंबर 2025

तीर्थरूप बाबा आणि तीर्थरूप आई यांना साष्टांग नमस्कार.

आज पहाटे इथली घड्याळे एक तास मागे गेली. त्यामुळे आता आपल्यात साडेनऊऐवजी साडेदहा तासांचे अंतर आहे. मी रात्री दहाला कामावरून सुटेन तेव्हा कराडला सकाळचे साडेआठ वाजलेले असतील, म्हणजे बाबा वर्तमानपत्र घेऊन ओट्यावर आणि आई देवपूजेत. फोनची वेळ तेवढी बदलून घ्या.

दिवाळीत आईने मला विचारले होते की, "खरे सांग, तू तिथे सुखात आहेस ना?" मी "हो" म्हटले आणि फोन आतषबाजीकडे वळवला. आईने पुन्हा विचारले नाही, पण तिला ते उत्तर पटले नव्हते, हे मला तिच्या गप्प बसण्यावरूनच समजले. तुम्ही नरकचतुर्दशीला पहाटे पाचला उटणे लावत होतात, तेव्हा इथे आदल्या दिवसाचे संध्याकाळचे साडेसात वाजले होते आणि मी पार्कातल्या आमच्या रोलर कोस्टरच्या फलाटावर कामाला उभी होते. ऑक्टोबरभर इथे हॅलोविनचे खास कार्यक्रम रात्री उशिरापर्यंत चालतात, तेव्हा सुट्टी मागण्याची सोय नसते. त्या रात्री खोलीवर आल्यावर मी तुम्ही पाठवलेले फराळाचे फोटो पाहिले आणि बराच वेळ रडले. तो सीझन परवा संपला. आज हातात मोकळा दिवस आहे, म्हणून जे फोनवर सांगता येत नाही ते लिहून कळवते.

बाबा, सहावीच्या सहलीचे पैसे भरताना तुम्ही ओव्हरटाइमची किती वाट पाहिली होती, हे मला नंतर कळले. मार्व्याच्या धक्क्यावरून होडीत बसून आम्ही एस्सेलवर्ल्डला पोहोचलो, तेव्हा बाकीच्या मुली पाळण्यांकडे धावल्या आणि मी मात्र एका राइडच्या कठड्याशी उभी राहून खटका ओढणाऱ्या दादाकडे पाहत राहिले. इतक्या लोकांना एका वेळी ओरडायला आणि हसायला लावणारा माणूस मला त्या दिवशी एसटीच्या चालकाइतकाच मोठा वाटला. मी हॉटेल व्यवस्थापन शिकले, कर्ज काढून इथल्या विद्यापीठात पुढचे शिक्षण घेतले आणि जूनपासून वर्षभराच्या परवान्यावर कामाला लागले, या सगळ्याच्या मुळाशी तो कठडा आहे. संत्र्यांच्या बागा आणि दलदली असलेल्या या भागात 1971 साली डिस्नेचे पार्क सुरू झाले, आणि आता एका शहरात इतकी पार्क आहेत की याच वर्षी मे महिन्यात युनिव्हर्सलचे आणखी एक नवे उघडले. मी ज्या पार्कात काम करते, तिथे विद्यार्थिनी असताना मी तिकीट काढून पाच वेळा गेले होते. तिथल्या प्रत्येक वळणावर मी जीव लावला होता.

आता त्या जागेची दुसरी बाजू सांगते. पाहुण्यांना दिसतात ते रंगवलेले वाडे, झाडे आणि संगीत. आम्ही मात्र विंगेतून आत जातो. कर्मचाऱ्यांच्या वाहनतळावर उतरायचे, तिथून पार्कच्या बसने मागच्या दाराशी यायचे, आणि मग करड्या भिंती, डांबरी बोळ, कचऱ्याचे मोठे डबे आणि पाण्याच्या बाटल्यांची यंत्रे ओलांडत एका साध्या दरवाजापाशी पोहोचायचे. तो दरवाजा उघडला की एकदम संगीत कानावर येते आणि त्या क्षणापासून चेहऱ्यावरचे हसू मावळू द्यायचे नसते. पहिले दोन आठवडे मला तो दरवाजा फार आवडला. जुलैमध्ये मी त्याच्या अलीकडे उभी राहून दहापर्यंत आकडे मोजू लागले.

काम नक्की काय असते, असे बाबांनी विचारले होते. आमच्या रोलर कोस्टरवर जागा ठरलेल्या असतात. एकजण रांगेच्या तोंडाशी मुलांची उंची मोजतो, एकजण "तुम्ही किती जण?" असे विचारत लोकांना ओळींमध्ये वाटून देतो, दोघे-तिघे फलाटावर प्रत्येकाच्या मांडीवरचा दांडा खाली ढकलून आणि वर ओढून तपासतात आणि एकजण नियंत्रणाच्या खोलीत बसतो. एकाच जागी लक्ष मंदावू नये म्हणून थोड्या थोड्या वेळाने जागा बदलतात. एक बाजू तपासून झाली की मी अंगठा वर करते, समोरचा करतो, आम्ही आपापली बटणे दाबून धरतो, आणि मगच खोलीतल्या माणसाला गाडी सोडता येते. एकाचेही बोट सुटले तर गाडी हलत नाही. बाबा, ही आपली डबल बेलच आहे. कंडक्टरने घंटी दिल्याशिवाय तुम्ही अठ्ठावीस वर्षांत कधी गिअर टाकला नाहीत, आणि घरीसुद्धा आई दार लावून पायरी उतरल्यावर "डबल बेल" म्हणायची तेव्हाच स्कूटर निघायची. प्रशिक्षणाच्या दिवशी मला हे वेगळे शिकवावे लागले नाही.

गाडी चढावर जाताना खालून जो टक-टक आवाज येतो, तो साखळीचा असतो असे मला वाटायचे. खरे तर गाडी मागे घसरू नये म्हणून तिच्या पोटाला एक खुंटी असते आणि ती दात्यांवरून पुढे सरकताना वाजते, तुमच्या हँडब्रेकसारखी. माथ्यावर साखळी सुटली की पुढे इंजिन नाही, काही नाही, गाडी केवळ उंचीच्या जोरावर धावते. रुळाचे भाग पाडलेले असतात आणि एका भागात एका वेळी एकच गाडी राहू शकते. पुढचा भाग मोकळा असल्याची खूण सेन्सरने दिली नाही, तर मागची गाडी ब्रेकवर आपोआप थांबते. लोकांना वाटते की राइड बिघडली. प्रत्यक्षात तिने जे करायला हवे तेच केलेले असते. रात्रभर मेकॅनिक काम करतात, उजाडण्यापूर्वी रूळ पायी फिरून पाहतात, मग रिकाम्या गाड्या सोडतात आणि त्यानंतर आम्ही आमची तपासणी करून सही करतो. त्या सहीखाली माझे नाव असते, हे मला अजूनही दररोज जाणवते. आई, तू काळजी करतेस ती पाळण्यांची. त्यांची काळजी करणारे इथे पुष्कळ आहेत.

काळजी करण्यासारखे वेगळेच असते. मध्य फ्लोरिडात उन्हाळ्यात जवळपास रोज दुपारी आभाळ भरून येते आणि जवळ वीज पडू लागली की उघड्यावरच्या राइड थांबवाव्या लागतात. एका दिवसाच्या तिकिटाला शंभर डॉलरहून जास्त मोजलेले, मुलांना कडेवर घेऊन तासाहून अधिक काळ उभे असलेले लोक आणि त्यांच्यासमोर "केव्हा सुरू होईल ते सांगता येणार नाही" असे म्हणणारी मी. त्यांच्या रागाचे कारण मला समजते, म्हणूनच तो मनाला जास्त लागतो. जुलैतल्या एका दुपारी एक मुलगा उंचीच्या खुणेला दोन बोटे कमी पडला. त्याने त्या दिवसासाठी वर्षभर वाट पाहिली होती, हे त्याच्या वडिलांनी मला आधी समजावून आणि नंतर ओरडून सांगितले. ते मला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. मी खुणेकडे बोट दाखवून तेच वाक्य चार वेळा म्हटले. मुलगा माझ्याकडे पाहत होता आणि त्याच्या दृष्टीने त्या जगातली सर्वांत दुष्ट बाई मीच होते. आतल्या बोळात येऊन मी पाणी प्यायले आणि वीस मिनिटांनी पुन्हा त्याच खुणेपाशी उभी राहिले. त्या रात्री फोनवर माझा आवाज बसला होता तो सर्दीमुळे नव्हे, हे आईने ओळखले असेलच. आजही तो मुलगा आला तर मी त्याला बसू देणार नाही. तो दांडा त्याच्या मांडीवर नीट बसला नसता.

पैशांबद्दल स्पष्ट लिहिते. फ्लोरिडातल्या मतदारांनी 2020 साली ठरवले की किमान वेतन टप्प्याटप्प्याने वाढवत 30 सप्टेंबर 2026 रोजी ताशी 15 डॉलर करायचे. सध्या ते 14 आहे आणि मला त्याहून थोडेच जास्त मिळतात. रुपयांत हिशेब केला तर आकडा मोठा दिसतो, पण निम्म्याहून अधिक पगार भाड्यात जातो, आणि तरीही आम्ही चौघी एका घरात राहतो. त्यातच, शाळा सुरू झाल्या की गर्दी ओसरते आणि आमचे तास कमी होतात. सप्टेंबरमध्ये मी कर्जाच्या हप्त्यासाठी दादाकडून पैसे घेतले ते त्यामुळे. त्याने तुम्हाला सांगितले नसेल, तर त्याच्यावर रागावू नका, मीच नको म्हटले होते. उशीर झाला की नावावर दंडाचे गुण चढतात आणि ते साचले की नोकरी जाते, म्हणून एकदा ताप असतानाही मी गेले. ती माझी चूक होती, आणि ज्या वरिष्ठांनी माझा चेहरा पाहूनही मला उन्हातल्या जागेवर उभे केले त्यांचीही. पुन्हा तसे करणार नाही.

आणखी एक गोष्ट आहे, ती कोणाला सांगावी ते कळत नाही. कर्मचाऱ्यांना पार्कात फुकट जाता येते. ऑगस्टमध्ये एका सुट्टीच्या दिवशी मी पाहुणी म्हणून गेले, माझ्या सर्वांत आवडत्या राइडमध्ये बसले, आणि मला काहीच वाटले नाही. माझे लक्ष फलाटावरच्या मुलीने दांडे किती भरभर तपासले याकडे होते. अंधारातल्या देखाव्यात मला बाहेर पडण्याचे दार कुठे आहे ते दिसत होते, आणि संगीत कुठे संपून पुन्हा सुरू होणार ते आधीच माहीत होते. ज्यासाठी इतक्या लांब आले तेच हातून गेले, असे वाटून मी घरी परतले. आठवडाभर मी परत यायचाही विचार करत होते. त्या दिवसांत फोनवर मी तुटक बोलत होते, त्याबद्दल क्षमा करा.

मग सप्टेंबरमधल्या एका संथ दुपारी मी ओळी लावत असताना मागून आवाज आला, "अगं, आधी पाणी पी, मग बस!" मी गर्रकन वळले. सोलापूरचे कुटुंब होते: मुलगा, सून, नात आणि नऊवारीतल्या आजी. मी मराठीत "आजी, पिशवी आणि चप्पल इथे ठेवा" म्हटले, तेव्हा त्यांनी माझा हात धरला आणि तो दांडा तपासून होईपर्यंत सोडला नाही. आजींना बसायचे नव्हते, त्या फक्त नातीला बसवायला आल्या होत्या, पण माझा हात धरून त्या बसल्या. गाडी परत आली तेव्हा केस विस्कटलेले, डोळ्यांत पाणी, आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता. उतरताना त्या म्हणाल्या, "तुझ्या आईला सांग, मी बसले म्हणून." म्हणून सांगते, आई.

त्या दिवसापासून मी राइडकडे पाहणे सोडून दिले आहे आणि परत येणाऱ्या गाडीतल्या चेहऱ्यांकडे पाहते. मला तिथे बसून जे वाटायचे ते आता वाटत नाही, पुन्हा वाटेल असेही नाही, आणि त्याचे दुःख आहे. पण सहावीतल्या मला तरी आत कुठे बसायचे होते? ती कठड्याशीच उभी होती. दमणूक, पैशांची ओढाताण, अंगावर येणारी माणसे हे सगळे धरूनसुद्धा मला हे काम करायचे आहे. परवाना जूनमध्ये संपतो, तोपर्यंत मी इथेच राहणार आहे. त्यानंतर मायदेशी एखाद्या पार्कात, सुरक्षा किंवा प्रशिक्षणाच्या विभागात काम मिळवायचा माझा विचार आहे. त्यासाठी अर्ज फेब्रुवारीपासून करायला घेईन. "एवढे शिकून पाळणे फिरवतेस" असे मावशी म्हणाली ते मला कळले आहे. तिला तुम्ही काही उत्तर देऊ नका, ती आली की मी स्वतः तिला समजावून सांगेन.

त्याआधी तुम्ही दोघे एकदा इकडे या, अशी माझी फार इच्छा आहे. दादा तिकिटांचे पाहतो म्हणाला आहे. आलात तर जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला या, तेव्हा ऊन सौम्य असते आणि नाताळची गर्दी सरलेली असते. बाबा, हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर तुम्हाला रोलर कोस्टरमध्ये मी बसू देणार नाही, तुम्ही कितीही आग्रह केलात तरी. आमच्या राइडच्या बाहेर पडण्याच्या वाटेसमोर एक बाक आहे. एक वयस्क जोडपे दर गुरुवारी येते, कशातही न बसता त्या बाकावर कॉफी पीत बाहेर येणाऱ्या लोकांना पाहते आणि तासाभराने निघून जाते. तिथून फलाटाची कड दिसते. मी अंगठा वर केला की गाडी सुटताना तुम्हाला नीट दिसेल.

आईचा पासपोर्ट मार्चमध्ये संपतो आहे, तेव्हा नूतनीकरणाचा अर्ज याच आठवड्यात भरा, आणि बाबांच्या गोळ्यांची चिठ्ठी डॉक्टरांकडून इंग्रजीत लिहून घ्या. व्हिसाचे फॉर्म मी इथून भरते, मला फक्त दोघांचे फोटो पाठवा.

तुमची,
धाकटी