आईची वेणी आणि एक तांब्या पाणी

चाकण,
मंगळवार, रात्र

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार.

बाबा, हे पत्र तुम्हीच मोठ्यानं वाचा. आईला नवा चष्मा मिळायला अजून महिना आहे. आणि आई, बाबा वाचत असताना मधेमधे "माहिताय मला" म्हणायचं नाही. तुला माहीत आहेच, त्यांना नाही. फोनवर सांगितलं की ते "हो, हो" म्हणतात आणि फोन ठेवला की तुलाच विचारतात, "काय म्हणाला गं?" म्हणून लिहून पाठवतोय.

शुक्रवारची संध्याकाळ काही डोळ्यांपुढून जात नाही. डोळ्याच्या ऑपरेशनच्या वेळी टोपीत मावावेत म्हणून तिथल्या बाईंनी आईची वेणी उलगडून केसांचा नुसता बोळा केला होता. घरी आल्यावर डोळ्यावरच्या पट्टीच्या भीतीनं आपण कुणीच डोक्याला हात लावला नाही, आणि रात्रभर ती त्याच बोळ्यावर झोपली. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली, तेव्हा मानेमागं लिंबाएवढा गुंता. बाबा, तुम्ही टाळूवरनं फणी घातलीत, ती मानेपाशी अडकली, तुम्ही ओढलीत, आणि आई ओरडली, "अवो, केस हाईत ती, दोरखंड न्हवं!" तुम्ही फणी खाली ठेवलीत आणि जाऊन गॅलरीत उभे राहिलात. जवळजवळ तासभर.

मला वेणी घालता येते हे तुम्हाला त्या दिवशी कळलं. इथं सूनबाईंची शिफ्ट सकाळी सहाची आणि पोरीची बस सातची, त्यामुळे तीन वर्षं हे काम माझ्याकडंच आहे. सुरुवातीला मीही तुमच्यासारखाच वरनं कंगवा घालायचो आणि पोरगी घर डोक्यावर घ्यायची. हे काही बायकांच्या हातात जन्मतः येत नाही, बाबा. शिरोलीच्या एमआयडीसीत तीस वर्षं लेथपुढं उभं राहून ज्यानं जॉब सूतभर इकडंतिकडं होऊ दिला नाही, त्याला तिपेडी वेणी जड नाही.

फक्त लेथवरच्यासारखंच, एकदम मोठा कट घ्यायचा नाही. केस खालून सोडवायचे. शेवटची वीतभर आधी. त्याच्या वर केस डाव्या मुठीत घट्ट धरायचे, म्हणजे हिसका मुठीला बसतो, टाळूला बसत नाही. आधी बोटांनी फाकवायचं, मग मोठ्या दातांचा कंगवा, आणि ती वीत मोकळी झाली की वरची. मानेमागचा तो लिंबू मी असाच सोडवला. पन्नास मिनिटं लागली, एक केसही कापला नाही. गुंता हातात घेऊन नीट बघितला तर त्यातले अर्धे केस आधीच गळलेले होते, जिवंत केसांत अडकून पडलेले. माणसाचे रोज पन्नास ते शंभर केस गळतातच. दोन-तीन दिवस विंचरलं नाही की ते एकदम हातात येतात आणि टक्कल पडायला लागलं असं वाटतं. आई, तुला तसंच वाटलं होतं ना? पुंजका दाखवून "बघ, गेले" म्हणालीस. काही गेलेले नाहीत.

शेजारच्या काकू "एवढे लांब कशाला, खांद्यापर्यंत कापून टाका की" म्हणाल्या तेव्हा आई का चिडली, हे बाबांना समजलं नाही. मला समजलं. आईच्या थोरल्या मावशीची गोष्ट तिनं मला लहानपणी कितीदा तरी सांगितलीय. बाळंतपणानंतर दोन महिने तापानं अंथरुणाला खिळलेली, डोक्याला कुणी हात लावेना, आणि उठली तेव्हा केसांचा दगड झालेला. सगळ्यांनी ठरवून टाकलं, सौंदत्तीच्या देवीची जट आली. कापायची नाही, विंचरायची नाही, धुवायची नाही. पुढं ती जन्मभर तो भार मानेवर घेऊन वावरली. आता अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते घरी जाऊन, बायकांना समजावून असल्या जटा काढतात. तेव्हा कोण येणार होतं? म्हणून काकूंना सांगा, आमच्यात केस कापतही नाहीत आणि तसेच पडूही देत नाहीत.

आता धुण्याचं. डॉक्टरांनी दहा दिवस डोक्यावरनं पाणी नको म्हणून सांगितलंय, म्हणजे रविवारपर्यंत. चैत्रातलं ऊन, त्यात आईची टाळू आधीच नाजूक, म्हणून तुमच्या मनात एकेक उपाय यायला लागले असणार. त्यातला पहिला मला माहीत आहे: खोबरेल. "डोकं थंड राहतं, डोळ्यालाही बरं." बाबा, नको. टाळूला स्वतःचं तेल सुटतच असतं, धुतलं नाही की ते मुळाशी साचतं. कोंड्यामागं असते ती बुरशी त्या तेलावरच पोसते, वर आपण आणखी थापलं की तिची चंगळ आणि आईची खाज. शिवाय घामाबरोबर कपाळावरनं तेल डोळ्यात उतरायची भीती वेगळीच. लांब केसांची गंमत अशी की मुळं तेलकट असतात तेव्हा टोकं मात्र कोरडी ठणठणीत, कारण टाळूचं तेल तिथवर पोचतच नाही. म्हणून हौसच असेल तर दोन थेंब तळहातावर चोळून खांद्याच्या खालच्या केसांना लावा. टाळूला बोट लावायचं नाही.

दुसरं, पावडर. टाल्कम, मुलतानी माती, बेसन, शिकेकाईची पूड, सगळं बाद. एक कण जरी डोळ्यात गेला तर काय होईल? आणि डोक्यात घातलेलं काढायला शेवटी पाणीच लागतं. ताईच्या लेकीनं कौतुकानं ड्राय शाम्पूचा डबा आणून दिलाय, तो मी कपाटात वरच्या फळीवर ठेवलाय. तो वाईट असतो असं नाही, त्यातला स्टार्च तेल शोषून घेतो. पण टाळू काही स्वच्छ होत नाही, नुसती दिसायला बरी दिसते. त्यात वास आणि अल्कोहोल. काळ्या मेंदीनं काय झालं होतं ते विसरलात का? दोन दिवसांत टाळूला पाणी सुटलं, पापण्या सुजून डोळे बंद. त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, मेंदी काळी होते ती तिच्यात घातलेल्या पीपीडी नावाच्या रसायनानं, आणि ते एकदा बाधलं की पुन्हा केव्हाही बाधतं. तेव्हापासून आईच्या टाळूवर नवा प्रयोग नाही. या दहा दिवसांत तर मुळीच नाही.

मग करायचं काय? आई, तूच सांगितलेलं आहे. आठव, ऑगस्ट 2019 चा कोल्हापूरचा पूर. पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट आणि पाणी 55 च्याही वर गेलेलं. आपल्या पेठेत पूर नव्हता, पण उपसा केंद्रंच बुडाल्यामुळं नळाला थेंब नाही. आम्ही दोन दिवसांसाठी आलेलो आणि शिरोलीजवळ महामार्ग बंद, त्यामुळं अडकलो. मी आणि बाबा टँकरपुढं घागरी घेऊन उभे. सूनबाईंना दीड वर्षाच्या पोरीनं केस ओढून ओढून बेजार केलेलं, डोकं खाजतंय म्हणून रडकुंडीला आलेल्या. तू एक तांब्या पाणी घेतलंस. एकच. "प्यायचं पाणी हाय, एवढ्यात बसवायचं," म्हणालीस. जुन्या सुती पातळाचा तुकडा त्यात बुडवून घट्ट पिळलास, बोटाला गुंडाळलास आणि भांग पाडत पाडत प्रत्येक भांगावरनं एकदाच फिरवलास. घासला नाहीस, नुसता टेकवून ओढलास. दर चार भांगांनी कापडाची बाजू बदलत होतीस. शेवटी तांब्यातल्या पाण्याचा रंग सगळ्यांना दाखवलास. पाणी येईपर्यंत आठ दिवस घरातल्या सगळ्यांची डोकी तू अशीच राखलीस. तुझं मात्र तुलाच करावं लागलं, आरशापुढं हात मागं नेऊन.

बाबा, तेच आता तुम्ही करायचं. पाणी उकळून कोमट केलेलं. कापड इतकं पिळायचं की दाबलं तरी थेंब पडू नये. आईनं खुर्चीत ताठ बसायचं, डोकं किंचित मागं, खाली वाकायचं नाही. कपाळाकडून मागं पुसत जायचं, मागून पुढं कधीच आणायचं नाही. कानामागं आणि मानेच्या खळग्यात घाम साचतो, तिथं दोनदा. मग कोरड्या कापडानं टिपायचं आणि पंख्याखाली दहा मिनिटं केस मोकळे. ओलसर असताना वेणी घालू नका, आत कोंदट वास धरतो आणि खाज वाढते. हेअर ड्रायर नको. हे सगळं दिवसाआड पुरे. रोज करत बसलात तर टाळू सोलेल.

वेणी सैल, एकच, आणि डाव्या खांद्यावरनं पुढं घ्यायची. अंबाडा नको, उताणं झोपल्यावर तो टोचतो. रात्री डोळ्यावर प्लास्टिकची वाटी लावता ना, तिची चिकटपट्टी लावायच्या आधी कानशिलावरचे बारके केस मागं घ्या. सोमवारी सकाळी पट्टीबरोबर तीन-चार केस उपटून आले होते. आई काही बोलली नाही, पण मी बघितलं. उशीचा अभ्रा दर दोन दिवसांनी बदला, सुतीच. आणि केसांचं काम आधी, मग हात साबणानं धुवायचे, मगच डोळ्यात थेंब घालायचे. हा क्रम चुकवू नका.

खाज सुटली की आई झोपेत खाजवते. नखं मी कापून आलोय. तिथं गार पाण्याचं पिळलेलं फडकं दोन मिनिटं दाबून धरा, बरं वाटतं. मेडिकलमधून आपल्या मनानं कसलं मलम आणायचं नाही, मागच्या वेळी शेजाऱ्यांच्या सांगण्यावरनं आणलंत तसं. टाळूला पाणी सुटलं, पू दिसला, तर त्वचेच्या डॉक्टरांकडं. आणि डोळा लाल झाला, दुखायला लागला, किंवा कालपेक्षा कमी दिसायला लागलं, तर माझ्या फोनची वाट न बघता त्याच घटकेला रिक्षा काढून डोळ्यांच्या डॉक्टरांकडं.

या आठवड्यात जोतिबाची यात्रा आहे. आई, तुला वाईट वाटणार, मला माहीत आहे. लग्न झाल्यापासून किती चैत्र चुकवलेस ते बोटांवर मोजता येतील. पण तिथं सासनकाठ्यांवर गुलाल उधळला जातो, त्यातली चिमूट जरी डोक्यात बसली तरी धुणार कशी? डोंगरावरनं परत येणारे लोक दारात येऊन गुलाल लावायला बघतील. बाबा, दारातच थांबवा. प्रसाद घ्या, दवणा घ्या, आईच्या नावाचा गुलाल तुमच्या कपाळाला लावून घ्या.

मी शनिवारी रात्रीच्या एसटीनं निघतो, पहाटे पोचेन. डॉक्टरांना एकदा विचारून घ्या, आणि ते हो म्हणाले की रविवारी दहाच्या उन्हात धुऊ. खुर्ची उलटी करून मोरीकडं पाठ, न्हाव्याकडं मान मागं टाकतात तशी, म्हणजे पाणी पुढं येणार नाही. शिकेकाई नाही. डोळ्यात गेली की काय होतं ते लहानपणी दर रविवारी मी भोगलंय. आईच्या टाळूला चालतो तो बिनवासाचा शाम्पू मी घेऊन येतो. पाणी बाबांनी ओतायचं, मी केस धरतो.

तुमचा,
धाकटा

ता. क. पत्राबरोबर मोठ्या दातांचा कंगवा पाठवलाय. पोरीचा आहे, गुलाबी आहे, वर ससा आहे. हसू नका. तिला परत पाहिजे आहे, आणि आजोबांनी घातलेल्या वेणीचा फोटो पाहिजे आहे.