शैलीला पत्र: डाव्या कानावरून

प्रिय शैले,

गणपतीपासून लिहीन लिहीन म्हणतेय आणि तुझं पत्र तसंच उशाशी पडून आहे. आज मात्र बसलेच. जे झालंय ते इथे कुणाला सांगितलं तर म्हणतील, कानाचं राहिलं बाजूला, हिला गाण्यांची पडलीय!

तब्येत बरी. शुगर आटोक्यात, गुडघे आहेत तसे. उजवा कान मात्र गेला. एका सकाळी उठले तर त्या बाजूला नुसती शिट्टी. डॉक्टर म्हणाले नसेचं दुखणं, गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, फारसं काही परत आलं नाही. असो.

परवा दुपारी हेडफोन घालून आपल्या बीटल्सचा पहिला अल्बम ‘प्लीज प्लीज मी’ लावला. ‘ट्विस्ट अँड शाउट’ आलं, आणि शैले, त्यात जॉनच नाही! गिटारी आहेत, पॉलचा बेस आहे, रिंगो जीव तोडून वाजवतोय, आणि जॉन शेजारच्या खोलीत दार लावून ओरडत असल्यासारखा पुसट. मला रडूच आलं गं. ११ फेब्रुवारी १९६३, एका दिवसात दहा गाणी, त्यात जॉनला सर्दी, घसा बसलेला. हे गाणं मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण ते म्हटल्यावर आवाज उरणारच नव्हता. तो फाटका, सोललेला आवाज म्हणजे तर ते गाणं! आणि नेमका तोच माझ्या वाट्याचा गेला.

मग डोक्यात प्रकाश पडला. तेव्हा रेकॉर्डिंग दोनच ट्रॅकवर व्हायचं, एकावर वाद्यं, दुसऱ्यावर गळे. त्यांचा निर्माता जॉर्ज मार्टिन, त्याला हवा होता मोनो, म्हणजे दोन्ही कानांत एकसारखा आवाज. दोन्ही वेगळे असले की नंतर प्रमाण जुळवता येतं. स्टिरिओ काढताना मात्र सरळ वाटणी केली, वाद्यं डावीकडे, गळे उजवीकडे. मला येतो तो पुसट जॉन वाद्यांच्या माइकमध्ये सांडलेला. खोली एकच ना, सगळे एकदम वाजवत होते.

आता तुझी ट्यूब पेटली असेल. वॉकमन एक, हेडफोन एक, त्याची पट्टी ताणून एक कान तुला, एक मला. भिंतीकडे तू, म्हणून डावा कायम तुझा. अगं, तू जॉनला कधी धड ऐकलंच नाहीस! ‘रिंगो आहे म्हणून बँड आहे’ म्हणून तू रात्र रात्र भांडायचीस, मी म्हणायचे ‘रिंगो करतो काय?’ आणि शेवटी रेक्टरबाईंनी वॉकमन जप्त केला. नीलू तुझ्या बाजूने बोलली ती तुझ्या चिवड्यासाठी, हे मी आजही म्हणेन. पण आपण दोघी एकाच कॅसेटवर दोन वेगळी गाणी ऐकत होतो. परवा मला तुझं गाणं मिळालं. रिंगो काय वाजवतो गं!

भाचीने मोबाइलमध्ये मोनो ऑडिओ चालू करून दिलाय. दोन्ही बाजू डाव्या कानात येतात, जॉन परत आला. पण त्यांच्याच ‘अॅबे रोड’चं काय? १९६९ चा तो, स्टिरिओतच निघालेला. शेवटी पॉल, जॉर्ज हॅरिसन, जॉन आळीपाळीने गिटार वाजवतात, ते सगळं आता एकाच जागी दाटीवाटीने येतं. ती ऐसपैस जागा गेली ती गेलीच. रात्री झोप लागत नाही ती या विचाराने, की डावाही गेला तर? डॉक्टर म्हणतात, याचं त्याला लागेलच असं नाही. ‘लागेलच असं नाही’ ऐकून कुणाला झोप लागते, सांग.

आधार आहे तो ‘बीच बॉइज’वाल्या ब्रायन विल्सनचा. त्याचा उजवा कान जवळजवळ बहिरा होता, आठवतं? बीटल्सचा ‘रबर सोल’ ऐकून तो पेटला आणि १९६६ साली ‘पेट साउंड्स’ केला, मोनोत. पुढे ते ऐकून पॉल पेटला आणि ‘सार्जंट पेपर’ आला. २०२५ च्या जूनमध्ये ब्रायन गेला तेव्हा मी दिवसभर ‘पेट साउंड्स’मधलं ‘गॉड ओन्ली नोज’ लावलं होतं, तेव्हा दोन्ही कानांनी. आता एकाने ऐकते आणि तसूभर कमी पडत नाही. सुरुवातीचा फ्रेंच हॉर्न, ती घुंगरं, शेवटी एकमेकांमागून फिरत येणारे गळे, सगळं जिथल्या तिथे. बाईचा स्वभाव बघ, मी आता रोज दुपारी एकेक गाणं पाठ करते. शब्द नव्हे, ते येतातच. बेस कुठे चढतो, टाळी कुठे पडते, दुसरा आवाज कुठून शिरतो, असं सगळं. डाव्याने साथ सोडलीच तर आतून वाजवता आलं पाहिजे.

सूनबाईंचं बाळंतपण नीट झालं ना? मुलगा की मुलगी, नीलूने सांगितलंच नाही. घराचं काम संपलं असेल. अप्पांना नमस्कार.

आणि एक कर. ‘ट्विस्ट अँड शाउट’ फक्त उजव्या कानाने ऐक. २०२३ चं नवं मिक्स नको, त्यात यंत्राच्या मदतीने गळे मधोमध आणलेत. जुना स्टिरिओच लाव. मग जॉनबद्दल काय म्हणायचंय ते लिहून कळव. फोन नको, फोनवर तू वाद घालायला लागलीस की थांबत नाहीस.

तुझी,
मंगल