तुम्ही टाकलेल्या शब्दाबद्दल

नमस्कार सर,

तुमचं नाव लिहायचं नाही, अशी तुमची अट होती. ती पाळते आहे. पण आभार चार लोकांसमोर मानू नयेत, असं काही तुम्ही म्हणाला नव्हता. तुम्ही करून दिलेल्या ओळखीतून काल दुसरी ऑर्डर आली. मेल वाचला आणि आधी तुम्हालाच लिहायला बसले.

आपली ओळख एका चुकीवरून झाली. माझ्या सेन्सरबद्दल मी लिंक्डइनवर मोठ्या अभिमानाने लिहिलं होतं की मोटरचं बेअरिंग तापायला लागलं की तो लगेच इशारा देतो. खाली चाळीसेक अभिनंदनं पडली. तुम्ही मात्र एवढंच लिहिलंत : "तापेपर्यंत उशीर झालेला असतो. आधी कंपन बदलतं, मग आवाज, उष्णता सगळ्यात शेवटी. कंपन मोजता का?"

मोजत नव्हते. तसंच उत्तर दिलं : "सध्या नाही. करून बघते आणि कळवते." चांगली मोटर आणि बेअरिंग गेलेली मोटर शेजारी शेजारी चालवून कंपनाचे आलेख काढायला मला नऊ दिवस लागले. ते तुम्हाला पाठवले. तुमचं "बरोबर आहे" असं दोन शब्दांचं उत्तर आलं. विषय तिथेच संपला, असं मला वाटलं होतं.

तोवर मी ओळखी जमवण्यात दीड वर्ष घालवलं होतं. या दीड वर्षाबद्दल राग अजून गेलेला नाही, तो इथे लिहूनच टाकते. उद्योजकांना मार्गदर्शन करणारे एक गृहस्थ "नक्की जोडून देतो" म्हणाले होते. चार वेळा आठवण केली, चारही वेळा "हो हो, या आठवड्यात". माझ्याकडे सहा महिन्यांचा पगार देण्याइतकेच पैसे होते आणि ते त्यांना माहीत होतं. एक साधं "नाही" मिळालं असतं, तर मी दुसरं दार ठोठावलं असतं. आणखी एकांनी खरोखर ओळख करून दिली, पण कुणालाच न विचारता. एका मोठ्या कारखान्याच्या अधिकाऱ्यांना आणि मला एकाच मेसेजमध्ये घातलं, "तुम्ही दोघं बोला" असं लिहिलं आणि निघून गेले. ते अधिकारी वैतागले आणि त्यांचा वैताग माझ्या वाट्याला आला. ते दार आजही बंद आहे. आणि ज्यांनी माझी रिक्वेस्ट स्वीकारल्यावर मिनिटभरात आपली विक्रीची पत्रकं पाठवली, त्यांची तर मोजदादच नाही.

म्हणून पाच महिन्यांनी मी तुम्हाला भीत भीत विचारलं, की देखभाल विभागातलं कुणी तुमच्या माहितीत आहे का. तुम्ही लिहिलंत, "एकजण आहेत. आधी त्यांना विचारतो, त्यांची हरकत नसेल तर सांगतो." दोन दिवसांनी, "ते तयार आहेत. मी हे पाठवणार आहे, एकदा वाचून घ्या. तुमच्याबद्दल काही चुकीचं लिहिलं असेल तर सांगा."

खाली तुमचा मजकूर होता. तो मला पाठ आहे :

"यांचं उपकरण मी हाताळलेलं नाही, त्यामुळे त्याची हमी देत नाही. पण मी यांची एक चूक दाखवली तेव्हा यांनी ती झाकली नाही. नऊ दिवसांनी स्वतः मोजून आकडे पाठवले. एवढं मला ठाऊक आहे."

सर, मी हे वाचलं आणि बराच वेळ स्क्रीनसमोर नुसती बसून राहिले. इतर कुणी लिहिलं असतं तर "अत्यंत हुशार उद्योजिका", "क्रांतिकारी उत्पादन" असं काहीतरी लिहिलं असतं. असली विशेषणं रोज शेकड्याने येतात आणि कुणी वाचत नाही. तुम्हाला जे माहीत नव्हतं ते तुम्ही पहिल्याच वाक्यात सांगून टाकलंत. म्हणूनच पुढच्या वाक्यावर समोरच्या माणसाने विश्वास ठेवला. पहिल्या भेटीत ते मला म्हणाले, "हमी देत नाही असं लिहून ओळख करून देणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला, म्हणून वेळ दिला." आणि ते नऊ दिवस! मी स्वतः विसरले होते. कुणीतरी ते मोजले होते.

नंतर मी या विषयावर थोडं वाचलं. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये मांडलं होतं, की नवी संधी बहुधा जवळच्या माणसांकडून येत नाही, लांबच्या ओळखीतून येते, कारण जवळच्यांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतंच. पुढे लिंक्डइनवरच्या सुमारे २ कोटी लोकांवर पाच वर्षं प्रयोग झाले आणि २०२२ मध्ये निष्कर्ष आले : नोकरी बदलताना लांबच्या ओळखी जास्त उपयोगी पडतात, पण अगदीच परक्या नव्हेत, थोड्याफार सामाईक ओळखी असलेल्या. ते संशोधन नोकऱ्यांबद्दल आहे, गिऱ्हाइकांबद्दल नाही. तरी वाचताना आपलीच गोष्ट वाचतेय असं वाटलं. माझ्या घरात, मैत्रिणींत, जुन्या सहकाऱ्यांत एकानेही कारखान्यात मोटर दुरुस्त केलेली नाही. त्यांनी माझ्यासाठी जीव टाकला असता, पण "कंपन मोजता का" हे त्यांच्यातलं कुणी विचारू शकलं नसतं.

पण त्या संशोधनात न सापडलेली एक गोष्ट मला तुमच्याकडून कळली. २००३ साली लिंक्डइन सुरू झालं ते ओळखीच्या ओळखीपर्यंत पोहोचता यावं म्हणून. आज तिथे १ अब्जाहून जास्त सदस्य आहेत आणि कोण कुणाला ओळखतं हे एका क्लिकवर दिसतं. मात्र कुणी कुणासाठी शब्द टाकायचा, हे अजूनही माणसालाच ठरवावं लागतं. शब्द टाकणाऱ्याची स्वतःची पत त्यात गुंतते. मी उद्या वेळ पाळली नसती, खोटे आकडे दाखवले असते, तर देखभाल विभागातल्या त्या अधिकाऱ्यांनी तुमचा पुढचा मेसेज उघडला नसता. तीस वर्षांत कमावलेलं नाव तुम्ही कधी न भेटलेल्या बाईसाठी वापरलंत, आणि तेही बेताने, जेवढं खरं होतं तेवढंच. बदल्यात काही मागितलं नाहीत. मी सल्लागार म्हणून मानधन देऊ केलं तेव्हा "त्या पैशात एक चांगला ॲक्सिलरोमीटर घ्या" म्हणालात. कंपन मोजायचा तो सेन्सर घेतला.

गेल्या महिन्यात एका मुलाने मला मेसेज केला. पंपांची सील बनवतो, त्याला तुमच्या त्या अधिकाऱ्यांची ओळख हवी होती. मी आधी त्यांना विचारलं. मग मजकूर लिहायला घेतला आणि लक्षात आलं, की या मुलाबद्दल मला नक्की काय माहीत आहे, तेच मला सांगता येत नाही. त्याला तसं कळवलं आणि सीलच्या चाचणीचे आकडे मागितले. अजून आलेले नाहीत. आले तर लिहीन.

आणि एक राहिलं. मागच्या सोमवारी तुमच्या त्या अधिकाऱ्यांच्या कारखान्यातल्या तीन नंबरच्या मोटरचं कंपन हळूहळू चढायला लागलं. तापमान जसंच्या तसं होतं, आवाजही नव्हता. मोटर थांबवून बेअरिंग काढलं, तर आउटर रेसवर, म्हणजे बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यावर, नखाएवढा खड्डा पडलेला. फोटो आणि आलेख तुम्हाला वेगळे पाठवले आहेत. आलेखात शेवटच्या दोन दिवसांत मध्येच एक उतार दिसतो, तो का आला ते मला कळलेलं नाही. सवडीने बघाल का?

तुमची,
सेन्सरवाली