काका, दोराच्या टोकाच्या त्या गाठीसाठी

काका,

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं, जेवलास का" म्हणून विषय बदलता. तीनदा झालं असं. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितोय, इथे तुम्हाला मध्ये बोलता येणार नाही.

बाकीच्यांसाठी थोडं आधीचं सांगतो. मी राहतो मिशिगनमध्ये, मूळ सावंतवाडीकडचा, आणि चार वर्षांपूर्वी ऑफिसातल्या एका मित्राच्या नादाने धनुष्यबाण घेऊन हरणांच्या शिकारीला जायला लागलो. आई अजूनही हा विषय निघाला की "देवा" म्हणून फोन बाबांकडे देते, कारण आपल्याकडे १९७२ च्या कायद्यापासून शिकार म्हणजे सरळ जेलच. इथे रीतसर लायसन्स मिळतं, १९६० किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना सेफ्टीचा कोर्स करावा लागतो, आणि १ ऑक्टोबरला बाणांचा सीझन सुरू होतो. हरणाला आपण दिसू नये, आपला वास त्याच्या नाकाच्या वरून जावा म्हणून झाडावर चढून बसायचं. पूर्वीच्या शिकाऱ्यांचं मचाण असायचं, माझं सॅडल आहे, म्हणजे कमरेला आणि मांड्यांना बसणारा एक रुंद पट्टा, त्याच्या पुढच्या दोराला ब्रिज म्हणतात, तो ब्रिज खोडाला गुंडाळलेल्या दुसऱ्या दोराला, म्हणजे टेदरला, अडकवायचा आणि पाय छोट्याशा प्लॅटफॉर्मवर टेकवून झाडाकडे तोंड करून तीन-चार तास लटकत बसायचं. पाळण्यातल्या बाळासारखं, फक्त थंडीत कुडकुडत.

तर मंडळाच्या गणपतीत मी हे सगळं मोठ्या कौतुकाने सांगत होतो आणि दोन काकू तोंड वाकडं करून उठून गेल्या. तुम्ही मखरामागे पडद्याची दोरी बांधत होतात. तुम्ही पक्के शाकाहारी, अंडंसुद्धा नाही, मला वाटलं आता हेही उठणार. तुम्ही वळून न बघताच विचारलंत, "किती उंच चढतोस?" मी म्हटलं अठरा-वीस फूट. "उतरतोस कसा?" बहुतेकदा स्टिकवरून, म्हणजे खोडाला बांधलेल्या छोट्या पायऱ्यांवरून, चढलो तसाच. "अंधारात?" हो. "उद्या चहाला ये, सगळं सामान घेऊन ये."

मला तेव्हा माहीतच नव्हतं की तुम्ही पंचविशीत सह्याद्रीतल्या तैलबैल्याच्या भिंतीवर आणि ड्यूक्स नोजवर दोराला लटकून रविवार काढलेत. ते काकूंनी सांगितलं, तेही तक्रारीच्या सुरात.

माझं सामान तुम्ही डेकवर वाळवणासारखं पसरलंत आणि एकेक वस्तू उचलून फक्त "हं" म्हणत होतात, तो "हं" मला वार्षिक परीक्षेसारखा वाटत होता. सेकंड हॅण्ड टेदर घेतला होता मी, स्वस्तात मिळाला म्हणून. "हा आधी कुणी वापरला, उन्हात किती राहिला, गाडीच्या बॅटरीचं ॲसिड लागलं का, माहिती आहे?" नाही म्हटल्यावर तुम्ही घरातून कात्री आणलीत आणि माझ्या डोळ्यांदेखत त्याचे हातभर लांबीचे तुकडे केलेत. वर म्हणालात, सिंहगडावर सूर्याजीने दोर कापले ते मावळ्यांनी मागे फिरू नये म्हणून, आपण कापतोय ते उद्या कुणी कचऱ्यातून उचलून परत झाडाला बांधू नये म्हणून. त्या तुकड्यांनी नंतर घोसाळ्याचा वेल बांधलात, तो मी पाहिलाय.

मग रॅपलिंगचा, म्हणजे लटकून खाली उतरायचा दोर. मी ८ मिलीमीटरचा घेतलेला, बॅगेत हलका लागतो म्हणून, आणि उतरायला ग्रिग्री, म्हणजे दोर धरून ठेवणारं आणि हँडल ओढलं की सोडणारं यंत्र. तुम्ही चष्मा कपाळावर चढवून ग्रिग्री डोळ्याजवळ धरलीत आणि म्हणालात, यावर लिहिलंय ८.५ ते ११, मग ८ चा दोर कुणाला विचारून घातलास? मी म्हटलं बरेच जण वापरतात. तुम्ही म्हणालात बरेच जण हेल्मेटशिवाय गाडी पण चालवतात. विषय संपला. १० चा दोर घेतला.

खरं सांगायचं तर तोपर्यंत मला चढणं ही एक जमण्याची गोष्ट वाटायची. गावी पाडेली माडावर चढतो तो पायात दोरीचं एक कडं घालून सरसर जातो, त्याला बघतच मोठा झालो मी, त्यामुळे डोक्यात हेच की हातपाय धड असले की झालं. तुम्ही म्हणालात त्याला विचार तरी, त्याच्या ओळखीतले किती पडले. विचारलं बाबांना. तीन नावं त्यांनी लगेच घेतली.

तुम्ही मला पहिले दोन शनिवार तीन फुटांच्या वर जाऊच दिलं नाहीत, आठवतं? परड्यातला तो मेपल, आणि शेजारचा गोरा आजोबा कुंपणावरून बघतोय की हे दोन देसी झाडाला लटकून काय करतायत. नियम एकच होता, पाय जमिनीवरून उचलला की परत जमिनीला टेकेपर्यंत एका तरी दोराला तू असलाच पाहिजेस. मधे फांदी आली की मी काय करायचो, खोडाभोवती फिरवून कमरेला लावलेला लाइनमन्स बेल्ट सोडायचा, फांदीच्या वरून घ्यायचा, परत लावायचा. दोन-तीन सेकंदांचंच काम, पण तेवढा वेळ मी नुसत्या स्टिकवर उभा. तुम्ही तिथेच थांबवलंत. आधी टेदर फांदीच्या वर बांध, त्यावर वजन टाक, मग बेल्ट सोड. आणि टेदर कायम कपाळाच्या वर, ताणलेला, कारण हा दोर क्लाइंबिंगच्या दोरासारखा लवचिक नाही, ढिला ठेवून दोन फूट जरी खाली आलास तरी तो झटका दोर घेणार नाही, तुझी कंबर घेणार.

उतरताना पण तेच. दोर यंत्रात कुठल्या बाजूने घालायचा त्याचं चित्र त्यावरच असतं, उलटा घातला तर ते धरत नाही, म्हणून टेदर लावलेला असतानाच आधी रॅपलच्या दोरावर पूर्ण बसायचं, हात सैल करून बघायचं की धरतंय का, आणि मगच टेदर काढायचा. "बसून बघ, मग सोड." हे तुम्ही इतक्या वेळा म्हणालात की आता मी ऑफिसात खुर्चीवर बसतानाही म्हणतो. मित्राकडे साधं फिगर एट होतं, आठाच्या आकाराची धातूची कडी, त्याला तुम्ही खाली ऑटोब्लॉकची, म्हणजे ताण आला की दोराला आवळून धरणारी गाठ मारायला शिकवलीत, कारण फिगर एटवरून हात सुटला की माणूस सुटला, ते स्वतःहून काही अडवत नाही. आणि ती गाठ वरच्या यंत्राला चिकटता कामा नये, नाहीतर तीच ढकलली जाऊन सुटते, म्हणून यंत्र थोडं लांबवून लावायचं. तो बिचारा अजून तुम्हाला "नॉट अंकल", गाठवाले काका, म्हणतो.

झाडांचं मात्र तुम्ही मला विचारलंत, म्हणालात मला कातळ कळतो, झाड नाही. मग मी सांगितलं की इथली ॲशची झाडं २००२ मध्ये डेट्रॉइटजवळ सापडलेल्या हिरव्या किड्याने संपवली, जंगलात उभे दिसतात पण आतून वाळलेले, काडकन मोडणारे. सुतारपक्ष्यांनी साल सोलून फिकट झालेलं खोड दिसलं की तिथे चढायचंच नाही. तुम्ही ते वहीत लिहून घेतलंत, या वयात! मला तेव्हा कसंतरीच झालं.

आता ती संध्याकाळ. नोव्हेंबर, बंदुकीचा सीझन १५ ला उघडतो त्याच्या आदला आठवडा, नर माजावर आलेले, म्हणून मी ओढ्याच्या काठावरच्या एका तिरक्या ओकवर चढलो होतो, काठाच्या वरच्या बाजूने. हरीण आलं नाही, ती गोष्ट वेगळी. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंतच बाण सोडता येतो, म्हणजे पावणेसहाला आवरलं तेव्हा मिट्ट काळोख, बोटं बधिर. धनुष्य आधी दोरीने खाली सोडलं, बसून बघितलं, टेदर काढला, उतरायला लागलो आणि झाड तिरकं असल्यामुळे हळूहळू फिरत ओढ्याच्या बाजूला गेलो, जिथे जमीन सात-आठ फूट आणखी खाली आहे. हे वर चढताना माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी आपला पायाने जमीन चाचपडत उतरतोय आणि एकदम ग्रिग्री थांबली. हँडल ओढलं, हलेना. हेडलॅम्प खाली केला तर ग्रिग्रीला टेकलेली, तुम्ही दोराच्या टोकाला मारायला लावलेली आठाची गाठ, तिच्याखाली वीतभर शेपूट, आणि त्याच्याखाली पाच-सहा फूट नुसती हवा, मग दगड.

ती गाठ मला नकोशी वाटायची, खरं सांगतो. दोर ओढून काढायच्या आधी सोडावी लागते, ओली झाली की सुटत नाही, थंडीत नखं दुखतात. मागच्या सीझनला दोन-तीनदा मी ती मारलीच नव्हती आणि तुम्हाला "हो मारली" म्हणून सांगितलं होतं. त्या दिवशी का मारली ते मलाही माहीत नाही, बहुतेक सवयीने. नसती तर दोर यंत्रातून सुळकन निघून गेला असता आणि मी पाठीवर.

पुढचं तुमच्या मेपलवर वीस वेळा केलेलंच होतं. खोड माझ्यापासून हातभर लांब होतं, लाइनमन्स बेल्ट दोन प्रयत्नांत पलीकडून फिरवून घेतला, स्वतःला ओढून खोडाला चिकटलो, कमरेची स्टिक काढून पायाशी बांधली, तिच्यावर उभा राहिलो, टेदर लावला, मग कुठे ग्रिग्री मोकळी केली. वीस मिनिटं लागली असतील. खाली आल्यावर पाय इतके थरथरत होते की तसाच पाचोळ्यात बसलो आणि पहिला फोन बायकोला नाही, तुम्हाला केला, आणि तुम्ही म्हणालात "बरं बरं, जेवलास का."

त्या रात्री तो दोर सालीवर बराच घासला, एका जागी कव्हर फुगलंय आणि बोटांनी दाबलं तर आत पोकळ लागतं. शनिवारी घेऊन येतोय. नवा पण आणलाय, तसाच १० चा पण दहा फूट जास्त लांब, टोकाला गाठ मारूनच आणतो. कात्री तुमचीच काढून ठेवा, आणि काकूंना सांगा यंदा कारल्याचा वेल लावला असेल तर त्यालाही पुरेल.

तुमचा,
सावंतवाडीचा लटकू